पार्सल दारात येण्याआधीचा हिशोब

बाभुळगावच्या कापूस उत्पादकाला सीमाशुल्काचं महत्त्व कुणी पटवून द्यायला नको. परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ केलं, पुढे ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, आणि त्याच काळात इकडचा नवा कापूस बाजारात यायला लागला. बंदरावर टक्का हलला की त्याची झळ यवतमाळच्या शेतापर्यंत येते, हे त्या हंगामात पुन्हा दिसलं. पण त्याच घरातला मुलगा मोबाइलवरून थेट चीनमधून किंवा अमेरिकेतून एखादी वस्तू मागवतो, तेव्हा हे शुल्क कुणाच्या ध्यानातही नसतं. दहा हजारांची वस्तू दहा हजारांतच घरी येईल, असं धरून चालतात. मग पोस्टमन पार्सलसोबत वरचे पैसे मागतो किंवा कुरिअर कंपनीचा मेसेज येतो, आणि घरात वाद सुरू होतो.

ही रक्कम ऐनवेळी कुणाच्या मनात येऊन ठरत नाही. खरेदीचं बटण दाबण्याआधी कागदावर मांडता येईल असाच तिचा हिशोब आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘छोट्या रकमेच्या वस्तूला शुल्क लागत नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे गावोगाव भेटतात. भारतात परदेशी खरेदीला अशी किमान किमतीची सूट नाही. सवलत आहे ती एवढीच, की शुल्काची एकूण रक्कम १०० रुपये किंवा त्याहून कमी भरत असेल तर ती वसूल करत नाहीत. भेटवस्तूंची पळवाटही बंद झाली आहे. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटीला सूट मिळे. १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने पोस्टाने किंवा कुरिअरने भेट म्हणून वस्तू सोडवून घ्यायला बंदी आली. अपवाद फक्त जीवनरक्षक औषधांचा आणि राखीचा, आणि राखीसोबतच्या भेटींना तोही लागू नाही. पूर्ण शुल्क भरून भेट मागवायला मात्र हरकत नाही. त्यामुळे ‘आम्ही पाकिटावर भेटवस्तू असं लिहितो’ म्हणणारा विक्रेता तुमचं भलं करत नसतो.

आता आकडेमोड. शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर लागतं असं नाही. त्यात वाहतूक खर्च आणि विमाही मिळवतात. समजा वस्तू १०,००० रुपयांची आणि पाठवणावळ १,५०० रुपये, तर हिशोब ११,५०० पासून सुरू होतो. वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या वस्तूंवरचा सीमाशुल्काचा दर २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला गेला. त्या दराने १,१५० रुपये होतात. आता १२,६५० झाले, आणि यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे २,२७७ रुपये. अधिभार आणि विमा बाजूला ठेवला तरी शुल्क ३,४२७ रुपयांवर जातं आणि वस्तू जवळजवळ पंधरा हजारांना पडते. कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क आणि कुरिअर कंपनीची सेवा फी वेगळी. इथेच थांबून आपल्याकडच्या दुकानातला भाव विचारावा. कित्येकदा तो कमी निघतो, शिवाय वॉरंटी मिळते.

दुसरा प्रश्न, शुल्क कोण भरणार? काही संकेतस्थळं आयात शुल्क बिलातच घेतात. विक्रेत्यांच्या भाषेत ते डीडीपी. डीएपी लिहिलं असेल तर शुल्क आपल्या माथी. अटींमध्ये दोन्हीपैकी काहीच दिसलं नाही तर विक्रेत्याला लिहून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. याचा दुसऱ्या बाजूचा अनुभव अमेरिकेतल्या मराठी घरांनी २०२५ च्या दिवाळीत घेतला. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवरची शुल्कमाफी अमेरिकेने २९ ऑगस्टला बंद केली, भारतीय टपाल खात्याला तिकडची पार्सलं थांबवावी लागली, आणि १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली ती शुल्क इथेच, पाठवणाऱ्याकडून घेऊन. फराळाच्या डब्यामागे कर भरावा लागणं जिवाला लागतं, पण निदान तिकडे दारात कुणाला धक्का बसत नाही.

टपालाने आलेल्या पार्सलवर सीएन २२ किंवा सीएन २३ हा छापील तक्ता चिकटवलेला असतो. आत काय, वजन किती, किंमत किती, हे पाठवणाऱ्याने त्यात भरायचं असतं. अधिकारी पहिल्यांदा तेच वाचतात. किंमत संशयास्पद कमी दिसली तर पार्सल अडकतं, बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा मागितला जातो, किंमत नव्याने ठरवली जाते, दंडही होऊ शकतो. मुंबईत राहणारा माणूस बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक कार्यालयात जाऊन तरी बोलेल. बाभुळगावहून ते करायचं तर तिकिटाचाच खर्च शुल्काहून जास्त व्हायचा. म्हणून खरी किंमत लिहायला सांगा आणि बिलाची प्रत मोबाइलमध्ये ठेवा.

काही वस्तू शुल्क भरूनही मिळत नाहीत. फवारणीसाठी परदेशातून तयार ड्रोन मागवायचा मोह होईल, पण ९ फेब्रुवारी २०२२ पासून त्याच्या आयातीला बंदी आहे. अपवाद संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेपुरते आहेत. ई-सिगारेट बंद आहे. बियाणं मागवायचं तर वनस्पती संगरोधाच्या २००३ च्या आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. पाकिटातून आलेली परकी कीड शिवारात शिरली तर नुकसान एकट्याचं राहत नाही, त्यामुळे हा नियम कडक आहे तेच बरं.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. ‘तुमच्या नावाने परदेशातून भेट आली आहे, कस्टममध्ये अडकली आहे, लगेच पैसे भरा’ असा फोन आला, तर तो भामट्याचा समजा. सीमाशुल्क विभाग कुणाच्या खासगी खात्यात पैसे भरायला सांगत नाही. त्यांच्या खऱ्या पत्रावर डीआयएन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आपण काही मागवलेलंच नसेल तर एक रुपयाही देऊ नका. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. त्याच घटकेला सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या क्रमांकावर फोन करा.