गाडीत पडण्याआधी

‘घरी दोन डबे ठेवले तरी घंटागाडीत सगळं एकच होतं, मग कशाला वेगळं करायचं?’ हा आक्षेप शहरातल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये ऐकू येतो, आणि तो निराधार नाही. कप्पे नसलेल्या गाड्या अजूनही फिरतात, आणि त्याबद्दल महापालिकेला जाब विचारलाच पाहिजे. पण म्हणून घरचे वर्गीकरण वाया जाते, हे खरे नाही. पुण्यात पाहा. कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ साली उभी राहिली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा उचलू लागली. हे कचरावेचक पुठ्ठा, बाटल्या, पत्रा, जाड प्लास्टिक निवडून भंगारच्या दुकानात विकतात. त्यांच्या कमाईचा तो मोठा आधार आहे. जे विकले जाते ते गाडीत चढतच नाही. त्यामुळे त्याचे काय होणार, हे ठरते ते आपल्या ओट्याजवळ. आमटी सांडलेल्या पुठ्ठ्याला भाव येत नाही. शिवाय ही निवड हातांनी होते, आणि सगळे एकत्र टाकले की त्याच हातांना डायपर आणि फुटकी काच लागते. सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्यायचे, हे २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितले ते उगाच नाही.

‘मग हे यंत्राने करावे’ असे कोणी म्हणेल. चाळणी आणि चुंबक काही वस्तू वेगळ्या काढतात, पण खरकट्यात भिजलेली रद्दी कोणतेही यंत्र पुन्हा कोरडी रद्दी करत नाही.

ओला कचरा डेपोत गेला तरी कुजून मातीच होणार, ही समजूत जास्त घातक आहे. खतासाठी हवा लागते. डेपोच्या ढिगाखाली हवा पोहोचत नाही. तिथे मिथेन तयार होतो आणि तो पेट घेतो. मुंबईत देवनारचा डेपो १९२७ पासूनचा. २०१६ च्या सुरुवातीला तिथे लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर होता. ढिगातून झिरपणारे काळे पाणी विहिरींपर्यंत पोहोचते. पुण्याच्या डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी शहराच्या कचरागाड्या वारंवार अडवल्या. आपला कचरा दुसऱ्याच्या गावात कुजतो आहे, याची आठवण शहराला त्यांनी करून दिली.

प्लास्टिकवरच्या त्रिकोणाचाही असाच घोळ आहे. त्यातला आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो. ते पुन्हा वापरात येईलच, अशी हमी देत नाही. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटलेले असतात, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. तरी ते सुक्यातच टाकावे. अशा पाकिटांचा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून उपयोग होतो, पण ती कोरडी असतील तरच. भाताचे पाणी लागलेले पाकीट तिथेही नीट जळत नाही.