सोलर बसवलं, तरी पाणी कोमटच? आधी गच्चीवर जा!

आजचा विषय एकदम घरगुती. आपल्या शिरूर-दौंडकडे नवीन घर झालं की गच्चीवर सोलर वॉटर हीटर येतोच. आमच्याकडेही आला. पण पहिल्याच थंडीत आई परत बंब पेटवायला लागली. फिटर म्हणाला, "मोठी टाकी घ्या." मी गच्चीवर जाऊन बघितलं, तर टाकीत पाणी कडक! बाथरूममध्ये मात्र कोमट, तेही अडकत अडकत. म्हणजे पाणी तापतंय, पण खाली नीट येत नाहीये.

आधी हे चालतं कसं ते बघू. यात पंप नसतो. काचेच्या नळ्यांत पाणी तापलं की हलकं होऊन वर टाकीत जातं आणि टाकीतलं थंड पाणी खाली उतरतं. म्हणून टाकी नळ्यांच्या वर हवी. नळ्यांचं तोंड दक्षिणेला हवं. आपला अक्षांश १८ ते १९ अंशांच्या मध्ये आहे. थंडीत सूर्य खाली असतो, म्हणून उतार त्याहून १० अंश तरी जास्त ठेवायचा. डिसेंबरात कशाची सावली पडत नाही ना, तेही बघा.

आता खरा घोळ, म्हणजे पाइप.

पहिलं, हवा. पाणी तापलं की त्यातून हवा सुटते. आमची लाइन कठड्यावरून वर चढून खाली उतरली होती. त्या उंचवट्यात हवा अडकायची, पाणी थांबायचं. लाइन सलग उतारात हवी. सोलरच्या टाकीवरचा हवेचा पाइप उघडा आणि थंड पाण्याच्या टाकीपेक्षा उंच हवा. आणि थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा वर हवी.

दुसरं, लांबी. १५ मीटर लांब, एक इंची पाइपमध्ये साधारण ७ लिटर पाणी मावतं. सकाळी आधी ते गार पाणी बाहेर येणार. अर्ध्या इंचीत हेच बरंच कमी. म्हणून बाथरूमच्या जवळची जागा निवडा. पाइप सीपीव्हीसी घ्या, साधा पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो. वरून फोमचं आवरण हवंच.

तिसरं, बोअरचं जड पाणी. क्षार साचतात, टाकी अधूनमधून धुऊन घ्या. आणि रिकाम्या नळ्यांत भर दुपारी पाणी सोडू नका, काच तडकते.

आम्ही फक्त लाइन बदलली. मोठ्या टाकीचे पैसे वाचले, बंब माळ्यावर गेला.

तुमच्याकडे पाणी कोमट येत असेल, तर खर्च करण्याआधी एकदा गच्चीवर चढून पाइप बघा. भेटू पुढच्या भागात!