नळातील पाण्याचा दाब : गावात करून दाखवण्याजोगे एक प्रात्यक्षिक

शेतात पाइप टाकण्याचा विचार चालू असता शेतकरी बंधूंकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो. नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला म्हणजे धार लांबवर जाते. मग जाड पाइपाऐवजी बारीक पाइप घेतला तर दाब आपोआप वाढणार नाही काय? शिवाय पैसेही वाचतील. हा प्रश्न भाबडा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्यातील निरीक्षण अचूक आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून बारीक पाइप जमिनीत पुरला की पंप चालू असूनही शेताच्या टोकाची झाडे तहानलेली राहतात. अशा वेळी तोंडी समजूत घालण्यापेक्षा पुढील प्रयोग करून दाखवावा.

पाण्याची एक टाकी अशा उंचीवर ठेवावी की तिच्यातील पाण्याची पातळी खालच्या पाइपाच्या वर सुमारे एक मीटर राहील. टाकीत पाणी सतत सोडून जास्तीचे वरून वाहू द्यावे, म्हणजे पातळी ढळत नाही. टाकीच्या बुडापासून २० मिलिमीटर व्यासाचा, तीन मीटर लांबीचा पाइप सपाट आडवा न्यावा व शेवटी कॉक बसवावा. टाकीपासून अर्धा, दीड व अडीच मीटर अंतरावर टी जोडून प्रत्येकीवर एक पारदर्शक नळी उभी करावी. नळ्यांची वरची तोंडे उघडी असावीत व टाकीतील पातळीपेक्षा उंच असावीत. पाण्यात थोडी नीळ मिसळल्यास मागे बसलेल्यांसही पातळी स्पष्ट दिसते. ह्या उभ्या नळ्या हेच आपले दाबमापक होत. पाइपाच्या भिंतीस नळी जोडून दाब पाहण्याची युक्ती डॅनिएल बर्नूली ह्या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकातच वापरली होती.

प्रथम कॉक बंद ठेवावा. तिन्ही नळ्यांत पाणी टाकीच्या पातळीइतकेच चढेल. एखादी नळी मागे राहिली तर तिच्यात हवेचा बुडबुडा अडकला आहे असे समजून टिचकी मारून तो काढावा; ह्या बुडबुड्यांनी अनेक प्रात्यक्षिके फसतात. आता कॉक पूर्ण उघडावा. पाणी वाहू लागताच तिन्ही पातळ्या खाली येतील आणि टाकीपासून दूर जावे तसतशा पायऱ्यांसारख्या उतरत जातील. पाइपाशी होणाऱ्या घर्षणात दाब कसा खर्ची पडतो, ते येथे डोळ्यांनी दिसते. कॉक अर्धवट बंद केला की तिन्ही पातळ्या पुन्हा चढतात. अंगठ्याचे कोडे ते हेच. अंगठ्याने प्रवाह कमी होतो, म्हणून वाटेतील घर्षण घटते, आणि वाचलेला दाब तोंडाशी वेगाच्या रूपाने बाहेर पडतो. धार लांब जाते खरी, पण बादली भरावयास अधिक वेळ लागतो. घड्याळ लावून तेही दाखवावे.

आता पहिल्या व दुसऱ्या नळीमधील पाइप काढून तेथे तेवढ्याच लांबीचा १२ मिलिमीटरचा तुकडा बसवावा व कॉक पुन्हा पूर्ण उघडावा. पहिल्या नळीतील पाणी जवळजवळ टाकीच्या पातळीपर्यंत चढेल. दुसरीत व तिसरीत मात्र ते तळाशी जाईल. बारीक पाइपाने दाब वाढला तो अलीकडे. आपली झाडे असतात पलीकडे!

तेवढेच पाणी निम्म्या व्यासाच्या पाइपातून न्यावयाचे झाल्यास घर्षणाची हानी सुमारे ३२ पट होते. ७५ मिलिमीटरऐवजी ६३ मिलिमीटरचा पाइप घेतला तरी ती सव्वादोन ते अडीच पट भरते. पाइप तोच ठेवून प्रवाह दुप्पट केला तर हानी जवळजवळ चौपट होते. पाइपाच्या आतील खडबडीतपणाचाही परिणाम होतो, हे दार्सी ह्या फ्रेंच अभियंत्याने १८५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले. गंजलेला लोखंडी पाइप नव्यासारखे पाणी देत नाही, त्याचे कारण हेच.

कृषी अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत ह्याच कामासाठी पारा भरलेली वाकडी नळी वापरतात. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्यामुळे मोठा दाबही थोड्या उंचीत मोजता येतो. तथापि पारा विषारी आहे; तो गावात नेऊ नये. शेतावर घड्याळी दाबमापक पुरेसा होतो. त्यावरील प्रति चौरस सेंटिमीटर एक किलोग्रॅम दाब म्हणजे दहा मीटर उंचीच्या पाण्याचा भार, एवढे ध्यानात ठेवावे.

ठिबक संचात हा हिशेब अधिकच महत्त्वाचा ठरतो. साध्या ड्रिपरमधून एक किलोग्रॅम दाबास ताशी चार लिटर पाणी पडत असेल, तर दाब ०.६४ वर उतरताच ते सुमारे ३.२ लिटर होते. दाब आपोआप सांभाळणाऱ्या ड्रिपरची गोष्ट वेगळी. ठरलेल्या मर्यादेत ते जवळपास सारखेच पाणी देतात. पडताळा पाहण्यासाठी लॅटरलच्या पहिल्या व शेवटच्या ड्रिपरखाली एकाच वेळी भांडी ठेवून अर्ध्या तासाने पाणी मोजावे. शेवटच्या भांड्यात बरेच कमी भरले, तर आधी तो ड्रिपर तुंबलेला नाही ना हे पाहावे आणि मग लॅटरलची लांबी व व्यास तपासावेत. दोन्ही भांड्यांत सारखेच पण कमी पाणी आले, तर गाळणी उघडून पाहावी; तिच्यात साचलेला कचरा त्या १२ मिलिमीटरच्या तुकड्याचेच काम करीत असतो.