भिंतीआडचे रिंगण

महाराष्ट्रात देवळाली म्हटले की निम्मे लोक नाशिककडे बघतात आणि निम्मे राहुरीकडे. नाशिकजवळची देवळाली लष्कराची. इंग्रजी अमलात गोऱ्या पलटणी तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत दिवस काढायच्या, आणि आजही तिथे तोफखान्याचे प्रशिक्षण चालते. राहुरी तालुक्यातली देवळाली प्रवरा उसाची, पाटपाण्याची. बॉक्सिंग हा पहिल्या देवळालीच्या जातीचा खेळ. पलटणीबरोबर आला, छावणीच्या भिंतीआड रुजला आणि बराचसा तिथेच राहिला. दुसऱ्या देवळालीच्या पंचक्रोशीत जत्रा भरली की कुस्त्यांचा हगामा होतो, हलगी कडाडते, नारळावरच्या पोरासोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या इनामी जोडीपर्यंत गाव आखाड्याभोवती उभे राहते. मुष्टियुद्धाला या भागात जत्रा नव्हती. ज्याला जत्रा नाही त्याचे नाव गावाच्या तोंडी बसत नाही, आणि महाराष्ट्राच्या मुष्टियोद्ध्यांच्या वाट्याला जे विस्मरण आले त्याचे मूळ याच गोष्टीत आहे.

नगरच्या मुलाला कुस्ती घराजवळ भेटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र केसरीची ६७वी स्पर्धा अहिल्यानगरला झाली, पृथ्वीराज मोहोळने गदा उचलली, आणि पुढे कित्येक दिवस चहाच्या टपरीवर त्या निकालाची चिरफाड चालली. त्याच शहरात रणगाडा दलाचे केंद्र आहे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. भारतात बॉक्सिंग जगवले ते मुख्यतः लष्कर, रेल्वे आणि पोलीस यांनी. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या मुलाच्या दृष्टीने या खेळाची वाट भरतीच्या रांगेतून जात होती. भरती झाल्यावर हातात ग्लोव्ह्ज आले तर आले. तो जिंकला की त्याच्या युनिटात जल्लोष व्हायचा, गावाला फार तर पत्र यायचे.

अशाच वाटेने गेलेल्या एका माणसाचे नाव आज सगळ्यांना ठाऊक आहे, पण मुष्टियोद्धा म्हणून नव्हे. मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूर भागातले, जन्म १९४४चा. सैन्याच्या ईएमई दलात, म्हणजे यंत्रसामग्रीची निगा राखणाऱ्या विभागात, ते जवान होते. लष्करात त्यांनी बॉक्सिंग धरले आणि १९६४ साली टोकियोला सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा मेळाव्यात भारताकडून रिंगणात उतरले. पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध पेटले. पेटकरांच्या अंगात गोळ्या घुसल्या, एक मणक्यात रुतून बसली, कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार चालू असताना व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले.

तिथून पुढची कथा चित्रपटाने घरोघरी नेली आहे. १९६८च्या तेल अवीव पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ साली ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक घेतले. पॅरालिम्पिकमधले भारताचे हे पहिले सुवर्णपदक. त्याच स्पर्धेत भालाफेक आणि व्हीलचेअर स्लॅलमच्या अंतिम फेऱ्यांपर्यंतही ते पोचले. परदेशवारीचा खर्च उभा राहिला तो क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेमुळे. पुढे पुण्यात टेल्कोत त्यांनी नोकरी केली.

तारखा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. हायडेलबर्गची स्पर्धा आटोपल्यावर दोन-तीन आठवड्यांतच त्याच देशात म्युनिक ऑलिंपिक सुरू झाले. तिथे भारताचे मुष्टियोद्धे होते: चंदर नारायणन, मुनिस्वामी वेणू आणि मेहताब सिंग. पदक कुणालाच मिळाले नाही. त्या वर्षी म्युनिकहून भारताने आणले ते फक्त हॉकीचे कांस्य. म्हणजे १९७२च्या त्या उन्हाळ्यात जर्मनीच्या भूमीवर सुवर्ण मिळवणारा भारतीय एकच होता, आणि तो एक माजी बॉक्सर होता. तरीही १९८२ साली त्यांचा अर्जुन पुरस्काराचा अर्ज नाकारला गेला. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले, त्यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला जून २०२४ मध्ये, आणि अर्जुन पुरस्कार हाती पडला जानेवारी २०२५ मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर. एवढ्या उशिराने का होईना, पेटकरांचे नाव परत आले. पण ते आले पाण्यातून. टोकियोत त्यांच्याबरोबर आणि त्यांच्याविरुद्ध लढलेल्या जवानांची नावे कुणाच्याही ओठी नाहीत.

थोडे मागे गेले पाहिजे. मुंबई हे या खेळाचे भारतातले एक जुने घर. १९२५ साली मुंबई इलाख्याची हौशी मुष्टियुद्ध संघटना स्थापन झाली. १९४९ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली तीही मुंबईत कार्यालय थाटून, आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५० साली ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली. ज्या मैदानाचा उल्लेख झाला की मराठी माणूस फक्त क्रिकेटच्या आठवणी काढतो, त्याच मैदानावर या खेळाच्या राष्ट्रीय स्पर्धेचा पहिला टोल पडला. स्वातंत्र्याआधी मुंबईत धंदेवाईक लढतीही व्हायच्या. गनबोट जॅक या नावाने ओळखला जाणारा आफ्रिकी-अमेरिकन बॉक्सर तीस-चाळीसच्या दशकांत मुंबई, बंगळूर, मद्रासच्या रिंगणांत गाजत होता. त्याचे उतारवय बंगळुरात गेले, हलाखीत गेले.

१९४८च्या लंडन ऑलिंपिकला स्वतंत्र भारताने पहिल्यांदा मुष्टियोद्धे पाठवले. त्या संघातली नावे नुसती वाचली तरी त्या काळचे बॉक्सिंग कुणाच्या हाती होते ते कळते: रॉबिन भट्टा, बाबूलाल, बिनॉय बोस, जीन रेमंड, मॅक जोकिम, जॉन नटॉल. बंगालचे क्लब आणि रेल्वे वसाहतीतली अँग्लो-इंडियन घरे. बँटमवेट गटात बाबूलालने पाकिस्तानच्या ॲलन मोंतेरोला हरवले. ऑलिंपिकमध्ये लढत जिंकणारा तो पहिला भारतीय मुष्टियोद्धा. फाळणीला जेमतेम वर्ष झाले होते, आणि समोरच्या कोपऱ्यातल्या खेळाडूचे आडनाव गोव्याच्या वाचकाला आपल्या वाड्यावरचे वाटावे असे होते; कराचीत तेव्हा गोवेकरांची मोठी वस्ती होती. ही लढत आज भारतात कुणाला आठवत नाही, पाकिस्तानातही आठवत असेल असे वाटत नाही. पुढे अँग्लो-इंडियन कुटुंबे मोठ्या संख्येने परदेशी गेली आणि या नावांची आठवण काढणारे शेजारीही उरले नाहीत.

१९५२चे हेलसिंकी मराठी माणसाला पाठ आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव, कुस्ती, बँटमवेट, कांस्य. त्याच हेलसिंकीत शक्ती मजुमदार, बिनॉय बोस, रॉन नॉरिस आणि ऑस्कर वॉर्ड हे चार भारतीय मुष्टियोद्धेही होते. खाशाबांची उपेक्षा झाली हे खरेच. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पण खाशाबांना गाव होते, तालीम होती, कऱ्हाडात निघालेली मिरवणूक होती. त्यांच्यावर अन्याय झाला हे सांगणारे हजारो लोक होते. ऑस्कर वॉर्डवर अन्याय झाला की नाही हे विचारायलाही कुणी नाही.

आता सोल, १९८८. या मागोव्यात सर्वांत जास्त खटकणारे वर्ष हेच.

सोल ऑलिंपिकला भारताने तीन मुष्टियोद्धे पाठवले. फ्लायवेटला मनोज पिंगळे, बँटमवेटला शाहूराज बिराजदार, फेदरवेटला जॉन विल्यम फ्रान्सिस. तिघांपैकी दोन नावे मराठी. पिंगळे पुण्याचे, बिराजदार हे आडनाव सोलापूर, लातूर, धाराशिवकडे नेहमी कानावर पडणारे. ऑलिंपिकच्या बॉक्सिंग संघात मराठी नावांचे एवढे वजन एरवी कधी दिसत नाही. पदक आले नाही, पण तेव्हा भारताच्या कुठल्याच बॉक्सरला ऑलिंपिक पदक मिळालेले नव्हते. पहिले पदक विजेंदर सिंगने आणले ते २००८ साली. पिंगळे यांना नव्वदच्या दशकात अर्जुन पुरस्कार मिळाला. बिराजदार यांना २००२ साली ध्यानचंद पुरस्कार मिळाला, आणि तो या पुरस्काराचा पहिलाच वर्ग होता: हॉकीचे अशोक दिवाण आणि बास्केटबॉलच्या अपर्णा घोष यांच्या जोडीने. म्हणजे सरकारने दखल घेतली. समाजाने घेतली नाही. शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या वहीत खाशाबा असतात, राष्ट्रीय क्रीडापुरस्कारांची यादीही असते, पण १९८८ साली मराठी माणसे ऑलिंपिकच्या रिंगणात उतरली होती ही ओळ त्या वहीत सापडत नाही.

आणखीही नावे आहेत. १९८९चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे गोपाळ देवांग. नव्वदच्या दशकात तोच मान मिळवणारे मुकुंद किल्लेकर; किल्लेकर म्हटले की बेळगाव आठवतेच. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतली ही पिढी एकत्र मांडली तर मराठी बॉक्सिंगचा तो बहराचा काळ होता असे म्हणायला हरकत नाही. बहर आला होता हे कळायच्या आतच तो ओसरला.

याला एक कारण वजनाचेही आहे, आणि ते सहसा कुणी बोलत नाही. महाराष्ट्राची नजर केसरीवर असते, आणि केसरी म्हणजे सर्वांत वजनदार गटातला मल्ल. जत्रेतली शेवटची कुस्ती धिप्पाड जोडीची असते. लोक तिच्यासाठीच थांबतात. पण आंतरराष्ट्रीय मैदानात मराठी मुलांनी नाव काढले ते बहुधा हलक्या वजनात. खाशाबा हलके. २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवणारा बीडचा राहुल आवारे ५७ किलोचा. पिंगळे ५१ किलोच्या गटात, बिराजदार ५४ किलोच्या. कुस्तीतल्या हलक्या मल्लाला निदान हगाम्यात सुरुवातीची जोड मिळते. एक्कावन्न किलोच्या बॉक्सरला गावात उभे राहायला जागाच नव्हती.

हरियाणात हेच का घडले नाही, ते पाहण्यासारखे आहे. हवा सिंग हे हेवीवेट मुष्टियोद्धे १९५६ साली सैन्यात गेले. १९६६ आणि १९७० अशा सलग दोन आशियाई स्पर्धांत त्यांनी सुवर्ण मिळवले. तेही लष्करातलेच, तेही तेव्हा फारसे गाजले नाहीत. पण निवृत्तीनंतर ते भिवानीत परतले आणि तिथल्या मुलांना शिकवू लागले. त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला आणि तो स्वीकारण्याआधीच, ऑगस्ट २००० मध्ये, ते गेले. पण छावणीतले रिंगण गावात आणण्याचे काम झालेले होते. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकला भारताचे पाच मुष्टियोद्धे गेले, त्यांतले विजेंदर, अखिल कुमार, जितेंदर आणि दिनेश हे चौघे भिवानीचे. मराठी नाव एकही नव्हते. सोलमध्ये तिघांत दोन, वीस वर्षांनी पाचांत शून्य. गुणवत्ता वीस वर्षांत आटत नाही. आपल्या खेळाडूंचे कौतुक पुरस्काराच्या मंचावर संपले आणि त्यांच्या हाती तालुक्याच्या गावचे एखादे रिंगण सोपवावे, असे ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांना वाटले नाही, ही यातली खरी हळहळ.

विस्मरण केवळ आपल्याकडचे नाही. सॅम लँगफर्ड हा कॅनडात जन्मलेला कृष्णवर्णीय बॉक्सर विसाव्या शतकाच्या आरंभी जगातल्या सर्वोत्तम मुष्टियोद्ध्यांत गणला जाई. १९०६ साली तो जॅक जॉन्सनकडून हरला. जॉन्सन पुढे जगज्जेता झाला, पण त्याने लँगफर्डला पुन्हा संधी दिली नाही. गोऱ्या विजेत्यांनी तर वर्णामुळेच त्याला दूर ठेवले. १९४४ साली अल लेनी या न्यूयॉर्कच्या पत्रकाराने त्याला हार्लेममध्ये शोधून काढले तेव्हा तो आंधळा होता आणि जवळ जवळ कफल्लक. लेनीने वर्तमानपत्रात लिहिले. वाचकांनी पैसे पाठवले, त्यातून निधी उभा राहिला आणि लँगफर्डला उरलेल्या आयुष्यासाठी आधार मिळाला. १९५६ साली तो वारला, त्याच्या आदल्या वर्षी बॉक्सिंगच्या मानाच्या यादीत त्याचे नाव चढले होते. एका बातमीदाराने दार ठोठावले म्हणून हे घडले. मराठीत कुस्तीवर लिहिणारी माणसे पिढ्यान् पिढ्या झाली. क्रिकेटवर तर विचारूच नये. मुष्टियुद्धावर जन्मभर लिहिणारा लेखक मराठीला मिळाला नाही, म्हणून पिंगळे-बिराजदारांच्या पिढीच्या लढती निकालांच्या रकान्यात अडकून पडल्या: नाव, वजनगट, फेरी, गुण.

२०२२ साली स्पेनमधल्या ला नुसिया इथे झालेल्या युवा जागतिक स्पर्धेत पुण्याच्या देविका घोरपडेने ५२ किलो गटात सुवर्ण मिळवले. आता मुलीही या खेळात आल्या आहेत आणि भ्रमणध्वनीवर लढतीची चित्रफीत गावोगाव पोचते, त्यामुळे तिचे नाव तरी छावणीच्या भिंतीआड राहणार नाही. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग असेल हेही ठरले आहे. त्या वर्षी सोलला ४० वर्षे होतील. सोलच्या वेळी विशीत असलेली पिढी आज साठीच्या उंबरठ्यावर आहे. या खेळात त्यांना कुणी आणले, पहिले ग्लोव्ह्ज कुणाचे होते, वजन उतरवताना काय खाल्ले आणि काय सोडले, सोलहून परतल्यावर स्टेशनवर घ्यायला कोण आले होते, हे सारे त्यांच्याकडून आजही विचारून घेता येईल. ब्रेबॉर्नवरच्या १९५०च्या स्पर्धेबाबत ती सोय उरलेली नाही. तिच्यासाठी त्या वर्षीच्या मुंबईच्या वर्तमानपत्रांचे गठ्ठेच उघडावे लागतील.