लघु हिमयुगातील दोन हिवाळे

दहावीच्या वर्गात तापमानवाढीचा पाठ सुरू झाला की एक प्रश्न हमखास पुढे येतो. पृथ्वी पूर्वीही थंड झाली होती आणि पुन्हा तापली होती. तेव्हा मोटारी नव्हत्या, कारखाने नव्हते. मग आजच्या तापमानवाढीचा दोष माणसाच्या माथी का? प्रश्न खोडसाळ नाही. सुट्टीत भेटीस येणारे पालक आणि माजी विद्यार्थीही आम्हांला हेच विचारतात. त्याचे उत्तर घाईने दिले की ते अर्धवट राहते, म्हणून स्मरणिकेतील ही दोन-तीन पाने आम्ही त्यासाठी मागून घेतली.

साधारणपणे चौदाव्या शतकाच्या सुमारास सुरू होऊन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललेल्या थंड कालखंडास ‘लघु हिमयुग’ म्हणतात. नाव थोडे फसवे आहे. खऱ्या हिमयुगात उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेचा मोठा भाग प्रचंड जाडीच्या बर्फाखाली गाडला गेला होता. लघु हिमयुगात उत्तर गोलार्धाचे दीर्घकालीन सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशानेच उतरले. परंतु सरासरीतील अर्धा अंश म्हणजे रोजच्या जगण्यातील अर्धा अंश नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

इंग्लंडमधील दोन हिवाळे पाहू. मध्य इंग्लंडच्या तापमानाची १६५९ पासूनची मासिक मालिका उपलब्ध आहे. उपकरणांच्या आधारे इतकी जुनी मालिका जगात दुसरी नाही. तीत १६८३-८४ चा हिवाळा सर्वांत थंड ठरतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांची सरासरी उणे १.२ अंश सेल्सिअस होती. लंडनमध्ये थेम्स नदी गोठली. तिच्या पात्रावर दुकानांच्या रांगा लागल्या, घोडागाड्या धावू लागल्या, छापखानाही बर्फावर मांडला गेला. आणि अवघ्या दोन वर्षांनी, १६८५-८६ मध्ये? तो हिवाळा त्याच मालिकेतील सर्वांत उबदार हिवाळ्यांमध्ये गणला जातो. दोन्ही हिवाळे एकाच थंड कालखंडाच्या ऐन मध्यातले!

(थेम्सच्या जत्रांवरून थंडी मोजण्याचा मोह टाळावा. जुन्या लंडन पुलाच्या अरुंद कमानींमुळे पाणी तुंबून संथ होई आणि लवकर गोठे. १८३१ मध्ये नवा पूल झाला, जुना पाडला गेला आणि प्रवाह मोकळा झाला.)

या चढउताराची कारणे अनेक आहेत. पहिले ज्वालामुखी. मोठ्या उद्रेकात गंधकाचे वायू स्थितांबरापर्यंत पोहोचतात, त्यांपासून सूक्ष्म कण तयार होतात आणि ते सूर्यप्रकाश परतवून लावतात. १२५७ मध्ये इंडोनेशियातील लोम्बोक बेटावरील समालास, १६०० मध्ये पेरूतील वायनापुतिना आणि १८१५ मध्ये तांबोरा यांचे उद्रेक झाले. वायनापुतिनानंतर रशियात १६०१ ते १६०३ असा भीषण दुष्काळ पडला, तर तांबोरानंतरचे १८१६ हे वर्ष युरोप-अमेरिकेत ‘उन्हाळ्याविना वर्ष’ म्हणून ओळखले जाते. हे कण एक-दोन वर्षांत खाली बसतात. पण उद्रेक लागोपाठ झाले तर समुद्रावरील बर्फ वाढतो, तो बर्फ आणखी प्रकाश परतवतो आणि थंडी रेंगाळते.

दुसरे कारण सूर्य. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत सूर्यावरील डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते. मात्र अशा बदलांमुळे सूर्याच्या एकूण तेजात पडणारा फरक फार थोडा असतो. आज आपण मोजू शकतो त्या अकरा वर्षांच्या चक्रात तो सुमारे ०.१ टक्का भरतो. म्हणून सारी थंडी सूर्याच्या खाती टाकणे आम्हांला पटत नाही. तसे असते तर १६८६ चा उबदार हिवाळा आलाच नसता.

तिसरे कारण म्हणजे वातावरणाची स्वतःची हेलकावे खाण्याची वृत्ती. आइसलँडजवळील कमी दाब आणि अझोर्स बेटांजवळील जास्त दाब यांतील अंतर वाढले की पश्चिमेचे दमट, उबदार वारे युरोपात घुसतात. ते घटले की ईशान्येची थंडी उतरते. या ‘उत्तर अटलांटिक आंदोलना’ला नाव देणारे गिल्बर्ट वॉकर हे १९०४ ते १९२४ पर्यंत भारतातील वेधशाळांचे प्रमुख होते. ते शोधत होते आपला मान्सून का चुकतो याचे उत्तर. हाती लागली युरोपच्या हिवाळ्याची गुरुकिल्ली. त्यांच्या खात्याचे मुख्यालय पुढे १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या वास्तूला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात.

कारण ठाऊक नसले की माणूस दोषी शोधतो. १६४४ मध्ये शामोनीच्या खोऱ्यात हिमनद्या गावांवर चालून येऊ लागल्या, तेव्हा धर्मगुरूने सुमारे तीनशे लोकांची मिरवणूक बर्फापर्यंत नेऊन प्रार्थना केली. त्यात कोणाचे नुकसान झाले नाही. पण जर्मनीतील व्हीझनश्टाइग येथे १५६२ च्या उन्हाळ्यात प्रचंड गारपीट झाली. गारपीट चेटकिणींनी आणली असे ठरवून पुढील काळात ६३ जणींना ठार मारण्यात आले. हे वाचून परदेशीयांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. जादूटोण्याच्या संशयावरून होणारा छळ थांबविण्यासाठी महाराष्ट्राला २०१३ मध्ये कायदा करावा लागला आहे.

निसर्गतः होणारा बदल सौम्यच असतो, असेही कोणी समजू नये. १७३० चे दशक इंग्लंड-आयर्लंडात चांगले उबदार गेले. डाग सूर्यावर परतले होते. आणि १७३९ च्या अखेरीस अकस्मात कडाका पडला. आयर्लंडमधील बटाटे जमिनीतच गोठून नासले. पाठोपाठ अवर्षण आले. १७४०-४१ च्या त्या दुष्काळात तीन लाखांहून अधिक माणसे मेली असा अंदाज आहे. मेले ते मुख्यतः गरीब.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लघु हिमयुगाची थंडी जगभर एकाच वेळी पडली नव्हती. पूर्व पॅसिफिकमध्ये ती पंधराव्या शतकात, वायव्य युरोपात सतराव्या शतकात, तर इतर अनेक प्रदेशांत एकोणिसाव्या शतकात कळसाला पोहोचली. आजची वाढ मात्र जवळजवळ साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी होत आहे. २०११ ते २०२० या दशकात ती १८५०-१९०० च्या तुलनेत सुमारे १.१ अंश भरली. हवेतील कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांमागे २८० वरून ४२० च्या पुढे गेला आहे. सूर्य अधिक तापल्यामुळे हे घडत असते, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापत आहे आणि स्थितांबर थंड होत आहे. उष्णता खालीच अडविली जात असल्याची ही खूण होय.

नैसर्गिक हेलकावे थांबलेले नाहीत. ते या वाढीवर स्वार होऊनच येतात. एखाद्या डिसेंबरात गोधडी पुरेनाशी होते, तेव्हा वर्गात तोच प्रश्न पुन्हा येतो, आणि आम्ही फळ्यावर पुन्हा १६८४ व १६८६ हे दोन आकडे लिहितो.