मोटारीच्या इंजिनाची घरच्या घरीं सफाई

ज्या यंत्रावर आपलें काम अवलंबून असतें, त्याची निगा राखणें हें मालकाचें पहिलें कर्तव्य होय. नांगराचा फाळ माती पुसून व तेलाचा हात फिरवून ठेवावा, हें आपणांपैकीं प्रत्येकास ठाऊक आहे. परंतु भाजीपाला बाजारांत नेणारा टेंपो असो, शेतावर फिरणारी जीप असो, किंवा मुंबईस राहणाऱ्या मुलाची मोटार असो, तिचें बॉनेट उघडून आंत काय सांचलें आहे हें पाहणारे थोडेच आढळतात. सबब या विषयाची उपयुक्त माहिती येथें देण्याचें योजिलें आहे.

इंजिनाच्या सांध्यांतून झिरपणारें तेल व रस्त्यावरील धूळ यांचा मिळून एक काळा, चिकट थर बनतो. तो केवळ दिसण्यास वाईट म्हणून काढावयाचा नसतो. पहिली गोष्ट, इंजिनाची उष्णता बाहेर पडण्यास तो अडथळा करतो. दुसरी, तेल नेमकें कोठून गळतें हें त्याच्याखालीं झांकून जातें. तिसरी व सर्वांत गंभीर गोष्ट ही कीं, धूर बाहेर नेणाऱ्या तप्त नळीवर इंधन किंवा तेल पडून आग लागल्यास असा थर ती भराभर पसरवितो.

गोवंडीसारख्या ठिकाणीं आणखी एक कारण आहे. मुंबईच्या उपनगरांतील ही वस्ती ठाण्याच्या खाडीच्या बाजूस आहे. खाडीवरून येणारी हवा दमट व खारी असते. तिच्यांतील क्षार धुळीच्या थरांत धरून राहतात आणि बॅटरीचीं टोकें, स्क्रू व पत्रा यांस गंज चढूं लागतो. कोंकणपट्टींतील शेतकऱ्यांसहि हाच अनुभव येतो. शिवाय उभ्या गाडींत उंदीर घर करतात व वायरी कुरतडतात. बॉनेट उघडलें म्हणजे तेंहि वेळींच कळतें.

आतां काय करूं नये तें प्रथम सांगतों. पेट्रोलनें इंजिन कदापि धुऊं नये. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या सुमारासहि पेट घेऊं शकते. ही वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें जमिनीलगत सरकत जाते आणि पलीकडच्या चुलीपर्यंत किंवा विडीपर्यंत पोंचते. जेथें भिंतीस भिंत लागून घरें आहेत, तेथें एकाची हयगय साऱ्या आळीस भोंवेल. रॉकेल त्या मानानें उशीरा पेटतें. तथापि गरम इंजिनाजवळ तेंहि धोक्याचेंच, आणि त्यामुळें रबरी नळ्या फुगून कमकुवत होतात. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमचे भाग खातो. सबब बाजारांत ‘डीग्रीजर’ या नांवानें मिळणारें, पाण्यांत मिसळणारें द्रावण घ्यावें व त्याच्या बाटलीवरील सूचना आधीं वाचाव्या.

सफाईचा क्रम पुढीलप्रमाणें ठेवावा. गाडी मोकळ्या, हवेशीर जागीं, सावलींत उभी करून हँडब्रेक ओढावा. इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें. तापलेल्या धातूवर थंड पाणी पडल्यास तडा जाण्याची भीति असते, आणि द्रावणाची वाफ डोळ्यांत जाते. रेडिएटरचें झांकण गरम असतां उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असून उसळून अंग भाजतें. हातांत रबरी मोजे व डोळ्यांस चष्मा असावा. नंतर बॅटरीची ऋण बाजूची, म्हणजे बहुधा काळी, वायर प्रथम सोडावी. जोडतांना तीच शेवटीं जोडावी.

यानंतर हवेच्या गाळणीचें तोंड, फ्यूजची पेटी, आल्टरनेटर व इंजिनाचा संगणक यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या घट्ट बांधाव्या. सुका पालापाचोळा व धूळ ब्रशानें काढावी. मग द्रावण खालून वर फवारावें आणि बाटलीवर सांगितलेला वेळ थांबावें. मात्र तें वाळूं देऊं नये. मऊ ब्रशानें घांसून, थोड्या पाण्यानें हलक्या हातानें धुवावें किंवा ओल्या फडक्यानें पुसून घ्यावें. दाबाच्या फवाऱ्यानें पाणी वायरींच्या जोडांत शिरतें, म्हणून तो टाळावा. बॅटरीच्या टोकांवरील पांढरी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें निघते. तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. विजेवर किंवा अंशतः विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी वायरींना उच्च दाबाची वीज असते. तेथें हात न घालतां काम जाणकाराकडे सोंपवावें.

हवेच्या वाटेनें पाणी आंत जाऊं नये, यावर एवढा भर कां, हेंहि सांगितलें पाहिजे. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत पाणी भरलें असतां इंजिन फिरविलें तर आंतील दांडा वांकतो व दुरुस्तीचा खर्च फार येतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व मुंबईंत असंख्य गाड्या पाण्यांत बुडाल्या. बुडालेली गाडी तपासल्यावांचून चालूं करूं नये, हा नियम तेथें जितका लागू, तितकाच धुण्यांत पाणी आंत शिरलेल्या इंजिनासहि लागू आहे.

तेलकट पाण्याचा विचार बहुतेक कोणी करीत नाहीं. गोवंडीच्या बाजूचीं उघडीं गटारें व नाले शेवटीं खाडीस मिळतात, आणि तेथें रोहित पक्षी हजारोंनीं उतरतात. या खाडींत २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य जाहीर झालें व २०२२ सालीं त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. खेड्यांत तेंच पाणी विहिरीकडे किंवा गुरांच्या हाळाकडे जाईल. म्हणून गाडीखालीं ताडपत्री अंथरून वर लांकडाचा भुसा पसरावा. तेल भिनलेला भुसा व फडके झांकणाच्या डब्यांत ठेवून, वापरलेलें तेल घेणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. ते जाळूंहि नयेत व शेतांत पुरूंहि नयेत.

सर्व भाग सुकूं द्यावे, बांधलेल्या पिशव्या आठवणीनें सोडाव्या, मगच बॅटरी जोडून इंजिन कांहीं मिनिटें उभ्यानें चालवावें. दोन-चार दिवसांनीं बॉनेट पुन्हां उघडावें. स्वच्छ धातूवर जेथें तेलाचा ओघळ दिसेल, तीच गळतीची जागा होय. तीवर वेळींच इलाज करावा. वर्षांतून एकदां, पावसाळा संपल्यावर, एवढें काम केल्यास गाडी ऐन हंगामांत अडून बसण्याचा संभव पुष्कळ कमी होतो.