दोन तारांचा पक्का जोड

मार्च संपत आला की आपल्या विदर्भात अडगळीतले कुलर बाहेर निघतात. बोर धरणाच्या वाटेवरचे हिंगणी असो की वर्धा शहर, उन्हाची झळ सगळीकडे सारखीच. कुलरसोबत गेल्या वर्षीची वायरही बाहेर येते. ती एकदा बारकाईने पाहा. दोन-तीन ठिकाणी पीळ मारून गुंडाळलेली काळी टेप, खाली ओली फरशी आणि त्या फरशीवर अनवाणी फिरणारी मुलं. कुलरचा शॉक लागून कुणी दगावल्याची बातमी दर उन्हाळ्यात आपण वाचतो, हळहळतो. घरची वायर मात्र तशीच राहते.

नुसत्या पिळाचा जोड हळूहळू सैल होतो. तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, विजेला तिथे अडथळा होतो आणि जोड तापू लागतो. उष्णतेने टेपचा गोंद वितळतो, टेप सुटते आणि तार उघडी पडते. सोल्डर केलेला जोड असा सैल पडत नाही.

हे काम आपल्याला नवे नाही. गल्लीत येणारा कल्हईवाला आठवा. तापलेल्या पितळेवर नवसागर टाकून तो भांडे स्वच्छ करायचा आणि मग कथील फिरवायचा. सोल्डरिंगमध्येही तेच होते. फक्त नवसागराच्या जागी राळ असते. बाजारातल्या बहुतेक सोल्डर तारेच्या पोटातच ती भरलेली असते. तारांना नवसागर किंवा आम्ल मात्र कधीही लावू नये, त्याने तांबे खाल्ले जाते. कथील २३२ अंशांवर वितळते, शिसे ३२७ अंशांवर. पण ६० भाग कथील आणि ४० भाग शिसे एकत्र केले, तर मिश्रण १८३ अंशांपासूनच वितळू लागते. म्हणून पातळ तारांना २५ वॅटचे साधे सोल्डरिंग आयर्न पुरते.

आता कृती. प्लग सॉकेटमधून काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. तारेचे आवरण दीड-दोन सेंटिमीटर सोला, आतले धागे तुटू देऊ नका. तापवल्यावर आकसणारी नळी आधीच तारेत ओवून जोडापासून दूर सरकवा. नंतर ती ओवता येत नाही. मग दोन्ही टोके घट्ट पिळा. आयर्नचे टोक खालून तारेला टेकवा आणि सोल्डर वरून तारेलाच लावा. आयर्नवर सोल्डर वितळवून तारेवर थापू नका. तार पुरेशी तापली की सोल्डर आपोआप धाग्यांत शिरतो. थंड होईपर्यंत जोड हलवू नका. हलला तर तो कच्चा राहतो आणि खडबडीत दिसतो. तसे झाल्यास पुन्हा तापवा. शेवटी नळी जोडावर आणून गरम करा. शेजारच्या दोन तारांचे जोड एकाच जागी न ठेवता पुढे-मागे ठेवा, म्हणजे ते एकमेकांना भिडणार नाहीत.

कुठे सोल्डर करू नये, हे त्याहून महत्त्वाचे. कुलर, इस्त्री, गिझर यांच्या वायरीला जोड नकोच. पूर्ण वायर बदला, तीन पिनांचा प्लग लावा आणि हिरवी अर्थिंगची तार कापू नका. स्क्रूखाली आवळायच्या टोकांना सोल्डर लावू नका. दाबाखाली तो हळूहळू पसरतो, स्क्रू ढिला पडतो आणि टोक तापते. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर साधा सोल्डर धरत नाही. भिंतीतली वायरिंग आणि शेतातला पंप परवानाधारक वायरमनवर सोडा. इयरफोन, टॉर्च, रेडिओ, बॅटरीची खेळणी ही घरी शिकण्याची जागा.

सोल्डरमध्ये शिसे असते. म्हणून जिथे दस्तरख्वान अंथरतो तिथे हे काम करू नका, लहान मुलांना दूर ठेवा आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा. धूर राळेचा असतो, दमेकऱ्यांना तो त्रास देतो. खिडकी उघडी ठेवा. हा सोल्डर खाण्यापिण्याच्या भांड्याला तर कधीच लावू नका.

१९३७ साली वर्ध्यात गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. मुलांचे शिक्षण एखाद्या हस्तकौशल्याभोवती उभे राहावे, हा त्या वर्धा योजनेचा गाभा होता. ती योजना आपल्याच जिल्ह्यातून निघाली, आणि आपली मुले दहावीपर्यंत विजेचे धडे पाठ करतात, पण साधा प्लग उघडायला घाबरतात. मुलींच्या हाती तर आपण पेचकसही देत नाही, जरी दिवसभर मिक्सर आणि इस्त्री त्याच वापरतात.

म्हणून या सुट्टीत एक करा. मुलगा-मुलगी दोघांना जवळ बसवा, जुन्या वायरीचे तुकडे द्या आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली चार जोड करू द्या. जोड ओढून पाहायला सांगा. आणि कुलर सुरू करण्याआधी त्याची वायर त्यांच्याकडूनच तपासून घ्या.